विश्लेषण : सॅक चाळीस लिटरची, मर्यादा सात किलोंची... विमानात सोबत नेण्याची बॅग निवडायची कशी?

विमानतळावर बोर्डिंगच्या रांगेत हल्ली एक दृश्य हमखास दिसते. दाराशी वजनकाटा, शेजारी बॅगेचे माप घेणारी लोखंडी चौकट. सॅक काट्यावर ठेवली की आकडा येतो ८.४. मग तिथेच उकिडवे बसून चेन उघडायची, जाड जॅकेट अंगात घालायचे, चार्जर खिशात कोंबायचा आणि सॅक पुन्हा काट्यावर ठेवायची. एवढे करूनही जमले नाही, तर मुकाट्याने जादा पैसे भरायचे. विशेष म्हणजे यातल्या बऱ्याच सॅक ‘केबिन साइझ’ म्हणूनच विकत घेतलेल्या असतात. मग गडबड होते कुठे? आणि नवी सॅक घेताना नेमके काय पाहावे?

सात किलोंचा नियम नेमका काय?

भारतात हातसामानाचा मूळ नियम नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोचा, म्हणजे ‘बीसीएएस’चा आहे : एका प्रवाशामागे एक बॅग. महिलांची पर्स आणि अशाच काही ठरावीक वस्तूंना त्यातून सूट आहे. तपासणीच्या रांगा वाढल्या, तसा या नियमाच्या काटेकोर अंमलबजावणीचा आग्रह सुरक्षा यंत्रणांनी २०२२ पासून धरला.

वजन आणि माप विमान कंपन्या ठरवतात. देशांतर्गत इकॉनॉमी वर्गासाठी बहुतेक कंपन्यांची मर्यादा ७ किलो आहे. मापासाठी ५५ × ४० × २० सेंटिमीटर हा आकडा सर्वाधिक आढळतो. लांबी, रुंदी आणि जाडीची बेरीज ११५ सेंटिमीटरच्या आत, असेही काही कंपन्या सांगतात.

खरा फरक पडतो तो दुसऱ्या छोट्या पिशवीबाबत. इंडिगो ७ किलोंच्या बॅगेव्यतिरिक्त ३ किलोंपर्यंतची पर्स किंवा लॅपटॉपची छोटी पिशवी नेऊ देते. काही कंपन्या मात्र लॅपटॉपही त्याच ७ किलोंत मोजतात. म्हणजे जाताना एका कंपनीने चालवून घेतलेले सामान परतताना दुसरी कंपनी अडवू शकते. तिकीट काढताना ही ओळ वाचणे, हे सॅकच्या खरेदीआधीचे पहिले काम.

हातसामानावर एवढा भर आताच का आला?

देशांतर्गत प्रवासात साधारण १५ किलो सामान विनाशुल्क पोटात टाकता येत असे आणि बहुतेकांचे त्यात भागत असे. फेब्रुवारी २०२१ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) कंपन्यांना ‘चेक-इन’ सामानाशिवायची स्वस्त तिकिटे विकण्याची मुभा दिली. असे तिकीट काढले की सगळा संसार त्या सात किलोंत बसवावा लागतो.

शिवाय वेळेचा हिशेब आहे. मुंबई किंवा पुण्याला उतरल्यावर पट्ट्यापाशी वीस-पंचवीस मिनिटे ताटकळण्यापेक्षा सॅक पाठीला लावून थेट बाहेर पडावे, असे कोणालाही वाटते. त्यामुळे हातसामान वाढले, डोक्यावरचे कप्पे अपुरे पडू लागले आणि काटे दारापर्यंत आले. यात सुरक्षेचा भागही आहे. डोक्यावरच्या प्रत्येक कप्प्याची भार पेलण्याची मर्यादा ठरलेली असते आणि जड बॅग खाली पडली तर इजा होते. पण जादा सामानाच्या शुल्कातून कंपन्यांना उत्पन्नही मिळते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

‘केबिन साइझ’ या शिक्क्याला काय अर्थ?

कायदेशीर अर्थ काहीच नाही. ‘केबिन अप्रूव्हड’, ‘फ्लाइट फ्रेंडली’ हे शब्द विक्रेत्याचे. ते द्यायला जगात कोणतीही सर्वमान्य यंत्रणा नाही. तसा प्रयत्न एकदा झाला होता. विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘आयाटा’ने जून २०१५ मध्ये ५५ × ३५ × २० सेंटिमीटर हे माप सुचवले आणि त्यात बसणाऱ्या बॅगांना ‘केबिन ओके’ चिन्ह देण्याची कल्पना मांडली. लोकांना वाटले, आता आपल्या चांगल्या बॅगा बाद होणार. गदारोळ झाला आणि आठवड्याभरातच संघटनेला ती कल्पना थांबवावी लागली.

तेव्हापासून प्रत्येक कंपनीचे माप वेगळे ते वेगळेच. ऑनलाइन दुकानात बॅगेच्या चित्राखाली ‘केबिन साइझ’ लिहिलेले दिसले, तर प्रश्न विचारायचा : कोणत्या कंपनीच्या केबिनचा? उत्तर सेंटिमीटरमध्ये मिळत नसेल, तर त्या शब्दांवर पैसे घालू नयेत.

लिटरचे गणित कुठे फसते?

सॅक विकली जाते लिटरवर. ३०, ४०, ४५ असे आकडे नावातच असतात. ५५ × ४० × २० चा गुणाकार केला की ४४,००० घनसेंटिमीटर, म्हणजे ४४ लिटर होतात. त्यामुळे ४० लिटरची सॅक मापात बसते, हे कागदावर खरे. पण काटा लिटर मोजत नाही. कपडे दाबून भरलेली ४० लिटरची सॅक सहज नऊ-दहा किलोंवर जाते.

म्हणूनच आपल्याकडच्या प्रवासासाठी पहिला आकडा पाहावा तो रिकाम्या सॅकच्या वजनाचा. बाजारात पाऊण किलोपासून दोन किलोंपर्यंतच्या ट्रॅव्हल सॅक आहेत. दोन किलोंची सॅक घेतली, तर काही भरण्याआधीच सात किलोंतला पाव हिस्सा संपला.

तीन-चार दिवसांच्या प्रवासाचा एक नमुना हिशेब मांडून पाहू. सॅक १.२ किलो, लॅपटॉप आणि चार्जर १.९, कपडे २.२, साबण-ब्रश-औषधे अर्धा किलो, चपला ४०० ग्रॅम, पॉवर बँक ४०० ग्रॅम, रिकामी स्टीलची बाटली ३०० ग्रॅम. बेरीज ६.९ किलो. यातली फक्त सॅक बदलून दोन किलोंची घेतली, की तेच सामान ७.७ किलोंवर जाते. सामान तेच, प्रवासी तोच, दंड मात्र सॅकच्या वजनामुळे.

आणखी एक गोष्ट. रिकामी जागा माणसाला स्वस्थ बसू देत नाही. सॅकमध्ये जागा दिसली की ‘असू दे एक स्वेटर’ म्हणून काहीतरी आत जातेच. मोठी सॅक घेऊन कमी भरण्याचा संयम फार थोड्यांकडे असतो. त्यापेक्षा बेताची सॅक घेणे सोपे.

चौकटीत सॅक अडकते, ती का?

कारण मऊ सॅक भरल्यावर फुगते. कंपनीने छापलेली जाडी अनेकदा सपाट सॅकची असते. २० सेंटिमीटर लिहिलेली सॅक पुढच्या कप्प्यात जॅकेट कोंबल्यावर २५ सेंटिमीटरची होते. लांबी-रुंदीत सहसा चूक होत नाही, अडचण येते ती जाडीत.

गोल चेन उघडली की सॅक चार-पाच सेंटिमीटर रुंदावते, अशी सोय अनेक महागड्या सॅकना असते. परतीच्या खरेदीसाठी ती उपयोगी असली, तरी ती उघडली की सॅक हातसामान राहत नाही, हे ध्यानात ठेवावे. त्याउलट दोन्ही कडांना आवळण्याचे पट्टे असतील, तर सॅक दाबून सपाट करता येते. हे पट्टे दिसायला साधे, पण त्या चौकटीपाशी तेच कामाला येतात.

छोट्या विमानतळांवरून उडणाऱ्या एटीआरसारख्या विमानांत डोक्यावरचे कप्पे आणखी उथळ असतात. कोल्हापूर, जळगाव, नांदेड अशा ठिकाणांहून वरचेवर प्रवास करणाऱ्यांनी जाडीच्या बाबतीत अधिक काटेकोर असावे.

चाके बरी की पट्टे?

चाकांच्या छोट्या बॅगेचे रिकामे वजन साधारण सव्वादोन ते तीन किलो असते. सात किलोंच्या मर्यादेत हा भार मोठा. सॅकने निदान एक-दीड किलो वाचतो. दादरचा पूल, एसटी स्टँडवरचे खड्डे, लोकलच्या डब्यातली गर्दी, पायऱ्यांवरून चढायचे होमस्टे, या सगळ्या ठिकाणी चाके निरुपयोगी आणि दोन्ही हात मोकळे असलेले बरे.

पण सॅक सर्वांसाठी नाही. पाठ, मान किंवा खांद्याचे दुखणे असलेल्यांनी, गरोदर महिलांनी आणि वयस्करांनी केवळ टापटीप दिसते म्हणून सॅकचा हट्ट धरू नये. घरापासून टॅक्सी, विमानतळ आणि पुढे हॉटेलपर्यंत पुन्हा टॅक्सी, असा सरळ प्रवास असेल तर चाकांची हलकी बॅगच सोयीची. तिकिटात १५ किलो मोफत असतील, तर सामान पोटात टाकण्यातही कमीपणा नाही.

पाठीला मानवणारी सॅक कशी ओळखायची?

आपण उंचीवर अंदाज बांधतो. प्रत्यक्षात महत्त्वाची असते पाठीची लांबी. मान पुढे वाकवली की मानेच्या तळाशी एक हाड वर येते. तिथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजून घ्यावे. दोन्ही हात कमरेवर ठेवले की मागे वळलेले अंगठे ज्या रेषेत येतात, ती ही कड. सारख्या उंचीच्या दोघांमध्येही हे माप वेगळे असू शकते.

५५ सेंटिमीटर उंचीची सॅक पाच फुटांच्या व्यक्तीच्या कमरेखाली आदळत राहते. अशा व्यक्तीने ४५ ते ५० सेंटिमीटर उंचीची सॅक पाहावी. अनेक महिलांना सरसकट मापाच्या सॅकचे पट्टे खांद्यावरून घसरतात किंवा छातीशी काचतात. अरुंद खांद्यांसाठी वेगळ्या घडणीचे पट्टे मिळतात, ते लावून पाहावेत.

छातीवरचा आडवा पट्टा हवाच. तो खांद्यांचे पट्टे जागच्या जागी ठेवतो. कमरेचा पट्टा भार खांद्यांवरून कमरेवर आणतो, पण जाड गादीचा पट्टा स्वतःही जड असतो. सात किलो घेऊन अर्धा तास चालायचे असेल, तर साधा किंवा काढून ठेवता येणारा पट्टा पुरतो. दिवसदिवस पाठीवर सॅक घेऊन फिरणार असाल, तर मात्र चांगल्या पट्ट्यासाठी दोनशे-तीनशे ग्रॅम खर्च करणे योग्य.

दुकानात रिकामी सॅक सगळ्यांनाच छान बसते. तिच्यात पाच-सहा किलो भरून दहा मिनिटे चालून पाहावे. ऑनलाइन मागवली असेल, तर लेबल न काढता घरात तांदूळ-डाळीची पाकिटे टॉवेलात गुंडाळून भरावीत आणि जिना चढून-उतरून पाहावे. खांदे बधिर होत असतील, तर परत करण्याची मुदत संपण्याआधी निर्णय घ्यावा.

कप्पे किती असावेत?

कमी, पण जागच्या जागी. ट्रेकची सॅक वरून उघडते. तळातला शर्ट काढायचा तर सगळे बाहेर येते. प्रवासाची सॅक सुटकेससारखी तिन्ही बाजूंनी उघडणारी असावी. लॅपटॉपचा कप्पा पाठीलगत असावा. जड वस्तू पाठीला चिकटून राहिली की सॅक मागे ओढत नाही. शिवाय तपासणीच्या ट्रेमध्ये लॅपटॉप वेगळा ठेवायचा असतो, तेव्हा तो चटकन निघतो.

एका बाहेरच्या कप्प्याला मात्र पर्याय नाही. तो पॉवर बँकेसाठी. पॉवर बँक विमानाच्या पोटात ठेवायला मनाई आहे, ती प्रवाशाजवळच असावी लागते. साधारणपणे १०० वॅट-अवरपर्यंतची चालते. २०,००० एमएएचची पॉवर बँक सुमारे ७४ वॅट-अवर भरते. ऐनवेळी दाराशी सॅक काढून घेतली आणि पोटात पाठवायचे ठरले, तर पॉवर बँक, औषधे, पैसे, पासपोर्ट हे सारे मिनिटभरात बाहेर काढता आले पाहिजे.

आणि जाता जाता घरच्या खाऊबद्दल. चकली, लाडू, चिवडा हातसामानात खुशाल न्यावा. सुके खोबरे मात्र चालत नाही. त्यातल्या तेलामुळे ते ज्वलनशील मानले जाते. लोणच्याची बरणीही तपासणीत अडू शकते. आंतरराष्ट्रीय प्रवासात द्रव पदार्थ सहसा १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीत चालत नाहीत.

परदेशात नियम कसे बदलतात?

इथेच ‘एकदाच मोठी आणि चांगली सॅक घेऊ’ हा विचार अडखळतो. अमेरिकेतल्या अमेरिकन, डेल्टा आणि युनायटेड या कंपन्यांचे माप ५६ × ३५ × २३ सेंटिमीटर आहे आणि सर्वसाधारणपणे वजन कोणी पाहत नाही. परदेशी संकेतस्थळांवर दोन किलोंच्या दणकट सॅकची एवढी वाहवा होते, त्यामागे हे कारण आहे. ती शिफारस तिथे चुकीची नाही, पण सात किलोंच्या देशात ती जशीच्या तशी लागू पडत नाही.

एमिरेट्सची इकॉनॉमी मर्यादा ७ किलो, लुफ्तान्साची ८ किलो. युरोपातल्या स्वस्त कंपन्यांचा हिशेब आणखी निराळा. रायनएअर आणि विझएअर मूळ तिकिटात फक्त सीटखाली मावणारी ४० × ३० × २० सेंटिमीटरची बॅग नेऊ देतात. म्हणजे जेमतेम २४ लिटर. डोक्यावरच्या कप्प्यातली बॅग हवी तर वेगळे पैसे. मुंबईहून पॅरिसपर्यंत सहज आलेली सॅक पुढे रोमला जाताना अडते, ती यामुळे. वेगवेगळी तिकिटे काढली असतील, तर सर्वांत कडक कंपनीचे माप हेच आपले माप धरावे.

तिथेही हा वाद मिटलेला नाही. वजन आणि आकार वाजवी असेल तर हातसामान प्रवासाचा अपरिहार्य भाग मानावा आणि त्यावर वेगळे शुल्क नसावे, असे युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटले होते. ‘वाजवी’ म्हणजे किती, हे मात्र मोघम राहिले. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पेनने पाच कंपन्यांना अशा शुल्कांसह इतर प्रथांसाठी मिळून १७.९ कोटी युरोंचा दंड ठोठावला. कंपन्यांनी त्याला आव्हान दिले.

किती पैसे मोजावेत?

चांगली सॅक दोन-तीन हजारांतही मिळते आणि वीस हजारांतही. महाग सॅकमध्ये पैसे जातात ते कापड, चेन, शिवण आणि हमीवर. कापडावर लिहिलेला ‘डेनियर’ हा आकडा धाग्याचा जाडेपणा सांगतो : ९,००० मीटर धाग्याचे वजन किती ग्रॅम. आकडा मोठा तसे कापड दणकट, पण जडही. सात किलोंसाठी २०० ते ४०० डेनियरचे नायलॉन पुरेसे. हजार डेनियरची सॅक वर्षानुवर्षे टिकेल, पण प्रत्येक प्रवासात त्या वजनाची किंमत मोजावी लागेल.

आधी तुटते ती चेन आणि उसवतो तो खांद्याचा पट्टा. म्हणून चेन भरलेल्या सॅकवर ओढून पाहावी आणि पट्टा जिथे शिवला आहे तिथे दुहेरी-तिहेरी टाके आहेत का, हे पाहावे. ‘वॉटरप्रूफ’ या शब्दाने हुरळून जाऊ नये. कापड पाणी अडवते, चेन आणि शिवण झिरपू देते. आपल्या पावसात आतल्या कपड्यांसाठी एक जाड प्लास्टिकची पिशवी आणि वरून साधे कव्हर, हा उपाय अजूनही सर्वांत खात्रीचा.

मग नेमकी कोणती घ्यावी?

कामानिमित्त दोन दिवस दिल्ली-बेंगळूरुला जाणाऱ्यांना २५ ते २८ लिटरची, एक किलोच्या आतली सॅक पुरते. आठवड्याच्या सहलीसाठी ३० ते ३५ लिटर, जास्तीत जास्त १.२ किलो आणि दोन्ही कडांना आवळण्याचे पट्टे. परदेशात अनेक शहरे फिरणाऱ्यांनी आधी सर्व तिकिटांची मापे कागदावर मांडावीत. यादीत युरोपातली स्वस्त कंपनी असेल, तर २४ लिटरवर भागवायचे की वरच्या कप्प्याचे पैसे आधीच भरायचे, हे घरीच ठरवावे. दाराशी तोच निर्णय घेतला तर तो बहुधा महाग पडतो.

दोन-तीनशे रुपयांचा हाताने लटकवून वजन करायचा छोटा काटा मिळतो. तोही सोबत घ्यावा. विमानतळावरच्या काट्याशी वाद घालण्यापेक्षा आदल्या रात्री घरच्या काट्याचे ऐकणे शहाणपणाचे.

जबाबदारी फक्त प्रवाशाची का?

एवढा सगळा अभ्यास प्रवाशाने करायचा, हेच मुळात खटकणारे आहे. बिस्किटाच्या पुड्यावर वजन छापलेले असते. वजनावरच जिचे भवितव्य ठरते, त्या सॅकच्या लेबलवर मात्र रिकामे वजन शोधावे लागते आणि भरल्यावर जाडी किती होते, हे तर कुठेच नसते. ‘केबिन साइझ’ म्हणून विकायचे असेल, तर रिकामे वजन आणि पूर्ण भरलेल्या सॅकचे माप ठळक छापण्याची सक्ती विक्रेत्यांवर हवी. तशी अट घालणे सरकारला अवघड नाही.

विमान कंपन्यांनीही देशांतर्गत प्रवासापुरते तरी एकच माप आणि लॅपटॉपच्या पिशवीबाबत एकच नियम ठरवायला हवा. तो तिकिटाच्या पहिल्याच पानावर मराठीसह भारतीय भाषांत दिसला पाहिजे. पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्या आजी-आजोबांना आपली पिशवी जड असल्याचे दाराशी, शंभर लोकांच्या रांगेत कळू नये. तोवर मात्र दुकानात जाताना टेप न्यावी आणि ‘किती लिटरची?’ हे विचारण्याआधी ‘रिकामी किती किलोंची?’ हे विचारावे.